बारा वेळा लिहिलेला भोंगा

तीन महिने झाले, टाचणीचा दादा कुठेच टेकून बसत नव्हता. जेवताना पाठ ताठ, भिंतीपासून वीतभर लांब. सुरुवातीला वहिनी म्हणायची, "अहो, टेका की जरा, भिंत काय चावते?" मग तिनेही म्हणायचं सोडलं. कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. ज्या दिवशी नऊ नंबरच्या मशीनमधली एकोणीस हजार अंडी उकडून मेली, त्या दिवशी मालकांनी दादाला धुलाईच्या खोलीत भिंतीला टेकलेला पकडला होता.

ही हॅचरी होती, अंडी उबवून पिल्लं काढायचा कारखाना. बारा मशीन, एकेक मशीन खोलीएवढं. आत ट्रेवर ट्रे, ट्रेमध्ये अंडी, मागे पंखा, बाजूला हीटर. साडेसदतीस अंशांवर अंडी अठरा दिवस ठेवायची, मग पिल्लं निघायच्या खोलीत हलवायची. एखादा अंश वरखाली झाला तर अंडं सोसतं. चार अंश वर गेलं की दोन-तीन तासांत आतला जीव संपतो. आणि बाहेरून बघाल तर अंडं तसंच, पांढरं, गुळगुळीत, काही झालंच नाही अशा थाटात.

पूर्वी पाळीवर दोन माणसं असायची. दर अर्ध्या तासाने फेरी मारायची, दारावरचा आकडा वाचायचा, रजिस्टरमध्ये लिहायचा. मग टाचणीने भोंग्याचा प्रोग्रॅम लिहिला.

टाचणी म्हणजे दादाची धाकटी बहीण. वय एकोणीस, अंगाने काडी, जिभेने टोकदार, म्हणून दादानेच ठेवलेलं नाव. शाळेत गणिताच्या सरांनी हिची वही भिरकावली होती. हिने ती उचलून परत त्यांच्याकडे भिरकावली. त्यानंतर शाळेचं आणि हिचं काही जमलं नाही. दादाने मालकांच्या हातापाया पडून तिला अंडी निवडायच्या हॉलमध्ये लावली. तिथे ती सहा महिने कंटाळली. केबिनमधला कारकून सोडून गेला, कॉम्प्युटर रिकामा पडला, आणि ही तिथे जाऊन बसली ती उठलीच नाही. फोनवर व्हिडिओ बघत, शिव्या घालत, ती प्रोग्रॅम लिहायला शिकली.

काम साधं होतं. मशीनचं तापमान मिनिटामिनिटाला बघायचं. साडेअडतीसच्या वर गेलं की भोंगा वाजवायचा, पडद्यावर मशीनचा नंबर लाल करायचा. पहिल्या मशीनचा तुकडा लिहायला तिला तीन आठवडे लागले. चाळीस ओळी. तो चालला तेव्हा ती खुर्चीत गर्रकन फिरली. मग तिने तोच तुकडा उचलून खाली चिकटवला आणि एकच्या जागी दोन केलं. मग तीन. मग चार. एका तुकड्यात मशीनचा नंबर पाच ठिकाणी यायचा. पाचही ठिकाणी बदलायचा आणि पुढे जायचं. तीन आठवड्यांचं काम, आणि उरलेली अकरा मशीन एका दुपारीत उरकली. त्या दुपारी तिला वाटलं, त्या गणिताच्या सरांना बोलावून दाखवावं.

मालक तर हरखलेच. पाहुण्यांना सांगायचे, "ही आमची इंजिनीअर!" त्यांच्या आणखी दोन हॅचऱ्या होत्या, ड्रायव्हरच्या हाती पेनड्राइव्ह देऊन त्यांनी तोच प्रोग्रॅम तिकडेही चढवून घेतला. मग पाळीवरचं दुसरं माणूस काढलं, रजिस्टर बंद केलं, आणि उरलेल्याला सांगितलं की मोकळ्या वेळात ट्रे धू, भोंगा धुलाईच्या खोलीत ऐकू येतो.

तर त्या दिवशी दुपारी नऊ नंबरचा हीटर चालू झाला तो बंद होईना. दुपारी बाराला तापमान साडेअडतीसच्या वर, दीडला बेचाळीस. ही सगळी नोंद कॉम्प्युटरमध्ये होती. चारला मालक आले आणि त्यांना दादा टेकलेला दिसला.

मालकांनी केबिनमध्ये जाऊन भोंग्याचं तपासणीचं बटण दाबलं. भोंगा असा ओरडला की हॉलमधल्या बायका हातातलं काम सोडून आल्या.

"वाजतोय की!" मालक म्हणाले. "पोरी, तुझं काही चुकलंय का?"

टाचणीचं डोकं तिथल्या तिथे फिरलं. तिच्या कामावर बोट ठेवलेलं तिला कधीच चालायचं नाही.

"माझं काही चुकलेलं नाही. पहिलं, दुसरं आणि बारावं, तिन्ही मशीन तापवून तपासलीत मी. भोंगा वाजलाच असणार. दादा, जेवलास आणि झोपलास तू. कबूल कर ना सरळ!"

दादा तिच्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "मला नाही वाटत मी झोपलो."

"नाही वाटत म्हणजे? झोपलेल्या माणसाला कधी वाटतं का?"

बायका हसल्या. दादा त्याच दिवशी घरी गेला.

आता तो सिमेंटच्या गोदामात पोती उचलायचा. दुसऱ्या हॅचरीत विचारायला गेला तर गेटवरच म्हणाले, "तो झोपाळू ना तू?" घरात तर प्रत्येकाला पुरावा सापडला होता. आई म्हणायची, लहानपणी पलंगावरून पडला तरी जागा झाला नव्हता. वहिनी म्हणायची, बोलता बोलता घोरतात. दादा स्वतः कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टरने कान उत्तम आहेत म्हणून सांगितलं, आणि ते ऐकून तो आणखीच खचला. कान धड असतील तर मग झोपच.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तो मधेच वहिनीला विचारायचा, "आत्ता माझे डोळे मिटले होते का?"

"नाही हो."

"नक्की ना?"

टाचणी हे ऐकायची आणि तिला राग यायचा. दादाचाच. असा कसा झोपला हा?

चौथ्या महिन्यात मालकांनी चार नवी मशीन आणली. टाचणीने बाराव्याचा तुकडा उचलला, खाली चिकटवला आणि तेरा करायला घेतलं.

त्याच दिवशी काका आले होते. हे काका कोणाचेच काका नव्हते. मशीनच्या कंपनीकडून तापमानाचे सेन्सर तपासायला येणारे, पिकलेल्या मिशांचे, खिशाला चार पेनं आणि गळ्यात थर्मामीटर. आधी ते कंपनीत प्रोग्रॅम लिहायचे, डोळे अधू झाले म्हणून सेन्सरवर आले, असं स्वतःच सांगायचे. ते टाचणीच्या मागे उभे राहिले आणि खो-खो हसायला लागले.

"काय झालं?" टाचणी वळली.

"काही नाही. तुझ्या हातात रबरी शिक्का आहे वाटतं."

"चालतंय ना? मग झालं."

"चालतंय की. उद्या मालक म्हणाला साडेअडतीसचं अडतीस कर, तर किती ठिकाणी बदलशील?"

"बारा."

"सोळा. आणि एक विसरलीस तर?"

"मी विसरत नाही."

"मग काय, सोन्याचीच आहेस," काका म्हणाले आणि स्टूल ओढून बसले. "हे बघ, बाई. चाळीस ओळी एकदाच लिही. त्यांना एक नाव दे. 'तपास' म्हण. आत मशीनचा नंबर लिहायचाच नाही, तिथे मोकळी जागा ठेवायची. मग लांबून हाक मारायची: तपास, चार. तो चारकडे बघून येतो. तपास, नऊ. तो नऊकडे बघून येतो. माणूस एकच, फेऱ्या सोळा."

"आणि आत चूक असली तर सोळाही बोंबलतील."

"बोंबलू देत! लगेच कळेल. एका कोपऱ्यात गप्प बसलेली चूक वाईट, सगळीकडे बोंबलणारी बरी."

टाचणीला कोणी शिकवलेलं आवडत नव्हतं. पण हे आवडलं. कारण काका फळ्यासमोर उभे राहून बोलत नव्हते. तपासणीच्या कागदाच्या पाठीवर पेनाने चौकोन काढत होते आणि मधेच मिशीवरचा चहा पुसत होते. दोन दुपारी ती भांडली, तीन वेळा "हे मूर्खासारखं आहे" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला चारशे ऐंशी ओळींचा तो पसारा साठ ओळींत येऊन बसला. तापमान वाचणारा तुकडा वेगळा, भोंगा वाजवणारा वेगळा, पडदा रंगवणारा वेगळा. प्रत्येकाला नाव. वरून खाली वाचलं तर गोष्ट सांगितल्यासारखं कळत होतं. घरातली सगळी भांडी पहिल्यांदाच जागेवर लागावीत तसं.

"जुनं पुसू का?" तिने विचारलं.

"थांब. जुनं फेकायच्या आधी दोन्ही शेजारी चालव. खोटं तापमान दे. एकेक मशीन तापव, दोघांची उत्तरं जुळली पाहिजेत."

तिने एक नंबरला एकोणचाळीस दिलं. जुन्याने एक म्हटलं, नव्याने एक म्हटलं. दोन, दोन. तीन, तीन. सात, सात. आठला एकोणचाळीस दिलं तर नव्याने म्हटलं आठ. जुन्याने म्हटलं आठ आणि नऊ.

"नव्यात काहीतरी राहिलंय," ती म्हणाली.

आणि अर्धा तास ती नव्यातच चूक शोधत बसली. सगळ्या ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या, नव्याला जुन्यासारखं वागवायची तयारीही केली. जुनं चुकीचं असेल हे तिच्या मनातच आलं नाही. ते तर तपासून दिलेलं होतं, इतके महिने चाललेलं होतं, त्यावर एका माणसाला घरी पाठवलेलं होतं.

काका पुढे वाकले. फक्त म्हणाले, "नऊला दे."

तिने नऊला एकोणचाळीस दिलं. नवं म्हणालं नऊ. जुनं गप्प. चाळीस दिलं. गप्प. बेचाळीस दिलं. जुन्याचा पडदा हिरवागार.

तिने जुना नववा तुकडा उघडला. पाच ठिकाणचे नंबर बोटाने मोजले. नऊ. नऊ. नऊ. नऊ. आणि जिथे तापमान साडेअडतीसशी ताडून बघायचं, तिथे आठ.

नोंद करणाऱ्या ओळीत नऊ होतं, म्हणून नोंद बरोबर. भोंग्याच्या ओळीत नऊ होतं. फक्त बघायचं कोणाकडे, तिथे आठ. नऊ नंबरला आग लागली असती तरी भोंगा आठकडे बघून गप्प बसला असता.



"होतं असं," काका हळूच म्हणाले. "चिकटवताना ही चूक सगळे करतात. मी केलीय."

"तुमच्या चुकीने कोणाचा भाऊ गेला होता का कामावरून?"

काकांना काय ते कळलं असावं. त्यांनी गळ्यातलं थर्मामीटर काढून खिशात घातलं, परत बाहेर काढलं.

घरी ती चपलांसकट आत गेली. दादा नुकताच आला होता, केसांत सिमेंट तसंच.

"दादा, तू झोपला नव्हतास."

तो पाणी पित होता. पिऊन झालं, पेला खाली ठेवला. "बरं."

"बरं काय? भोंगा वाजलाच नाही. मी नऊला आठकडे बघायला लावलं होतं. माझी चूक आहे."

"टाचणे, मला बरं वाटावं म्हणून काही बोलू नकोस. लागली असेल झोप. माणूस आहे."

"अरे नाही लागली!" ती ओरडली. फोन काढून तिने त्याच्या नाकासमोर धरला. "हे वाच. नंबर वाचता येतात ना? वाच!"

त्याने वाचलं. नऊ, नऊ, नऊ, नऊ, आठ. पण त्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्या ओळी त्याच्या लेखी काहीही असू शकत होत्या. त्याने फोन परत दिला. मग मधेच थांबला.

"हे सगळं व्हायच्या आधी आठचा पंखा एकदा अडकला होता," तो म्हणाला. "त्या दिवशी आठ तापलं होतं. पडद्यावर आठ लाल झालं, आणि नऊही. मी जाऊन नऊचं दार हाताने बघितलं, गार. मला वाटलं, शेजारी आहे म्हणून ओरडतंय. नंतरही एकदा झालं. आम्ही पाळीवाले म्हणायचो, आठला शिंक आली की नऊ नाक पुसतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"मशीनला असतात गं सवयी. सांगण्यासारखं काय त्यात?"

मग त्याने फोन परत मागून घेतला आणि त्या आठवर बोट ठेवलं. वहिनी दारात उभी होती. ती कपाळाला हात लावून तिथेच खाली बसली. "रोज," ती म्हणाली. "रोज मी यांना म्हणत होते, की एवढी कसली झोप मेली."

दादाने तिच्याकडे बघितलं नाही. तो टाचणीकडे बघत होता, आणि त्या बघण्यात माया वगैरे काही नव्हती.

"बायका होत्या तिथे तेव्हा," तो म्हणाला. "जेवलास आणि झोपलास म्हणालीस. हसल्या त्या."

"हो."

"मी तुला लावलं होतं कामाला."

"हो."

"जा आता. मालकांना सांग."

मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मधे एकदाच विचारलं, "नऊच? दुसरं कुठलं नाही?"

"नऊच. का?"

मालक खिडकीबाहेर बघायला लागले. टाचणीची नजर बारीक. त्यांचा अंगठा टेबलाच्या कडेवर एकाच जागी घासत होता, ते तिने बघितलं. आणि तिला आठवलं की हाच प्रोग्रॅम आणखी दोन ठिकाणी आहे.

"तिकडेही गेलं ना नऊ?" ती म्हणाली. "कुठल्या हॅचरीत?"

"दुसऱ्या. गेल्या महिन्यात."

"आणि पाळीवर कोण होतं?"

"होता एक. काढला त्याला." मालक वळले. "हे बघ, झालं ते झालं. नवं तयार आहे ना? आज तिन्हीकडे चढव. आणि याचा गवगवा नको."

"दादाला परत घ्या."

"त्याच्या जागी माणूस आलंय."

"मग निदान सगळ्यांना सांगा. त्या दुसऱ्यालाही."

"काय सांगू? की माझी लाखो अंडी एका पोरीच्या चिकटवाचिकटवीवर चालली होती? पिल्लं न्यायला कोण येईल उद्या?"

"मग मी नवं देत नाही."

मालक हसले. "नको देऊस. जुनं आहेच. पाळीवर आज कोण आहे माहीत आहे ना?"

माहीत होतं. निवड हॉलमधली मावशी. पन्नाशीची, गुडघे दुखणारी, टाचणीला पहिल्या दिवशी अंडं उजेडासमोर धरून कसं बघायचं ते शिकवणारी. तीच आता दादाच्या जागी एकटी ट्रे धूत असायची.

टाचणीने संध्याकाळच्या आत नवं तिन्हीकडे पाठवलं. पण पाठवण्याआधी त्यात एक तुकडा घातला. पाळीच्या सुरुवातीला पडदा उघडला की आधी एक ओळ यायची, आणि बटण दाबल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. ओळ अशी होती: 'नऊ नंबर उकडला तेव्हा पाळीवरच्या माणसाला झोप लागली नव्हती. भोंगा वाजलाच नव्हता.'

तीन दिवस ती ओळ तीन हॅचऱ्यांत दर पाळीला उघडली. पहिल्या दिवशी मावशीने चष्मा लावून ती दोनदा वाचली, बटण दाबलं आणि ट्रे धुवायला गेली. चौथ्या दिवशी मालक केबिनमध्ये आले. रागावले नव्हते, हेच वाईट होतं.

"ओळ काढ. नाहीतर दुपारी ड्रायव्हर जातोय, तिन्हीकडे जुनं चढवून येईल."

"जुन्यात नऊ बहिरं आहे!"

"भोंगा नव्हता तेव्हाही वीस वर्षं हॅचरी चालवली मी. दोन वाजेपर्यंत सांग."

ती गोदामात गेली. दादा पोत्यांच्या थप्पीजवळ उभा होता, मानेवर फडकं.

"काढ," ऐकून झाल्यावर तो म्हणाला.

"तुझ्यासाठी लिहिलीय ती!"

"माझं नाव आहे त्यात?"

"नाही."

"तुझं?"

"तेही नाही."

"भोंगा वाजला नाही, एवढंच लिहिलंस. का नाही वाजला? वायर उंदराने खाल्ली असेल. वीज गेली असेल. वाचणाऱ्याला काय कळणार?" त्याने फडकं झटकलं, पांढरी धूळ दोघांच्या मधे उडाली. "मावशी एकटी असते ना पाळीवर? काढ ती ओळ. जा, पावणेदोन झाले."

ती पळत आली. ओळ एकाच जागी होती, एकदाच लिहिलेली. एकदाच पुसावी लागली. दोन वाजायच्या आत तिन्ही हॅचऱ्यांतून ती गेली.

त्यानंतर दोन दिवसांनी केबिनमधला फोन वाजला. हॉलमध्ये निवड चालू होती, बायका मोजणीचे कागद द्यायला खिडकीशी उभ्या होत्या, मावशीही धुतलेले ट्रे घेऊन त्यांच्यातच.

"मी दुसऱ्या हॅचरीतला," पलीकडून एक दमलेला आवाज म्हणाला. "म्हणजे होतो. नऊ उकडलं तेव्हा पाळीवर. तुमच्याकडे तो प्रोग्रॅम लिहिणारं कोण आहे?"

"मी."

"पडद्यावर ओळ येते म्हणून मित्राने सांगितलं. की झोप लागली नव्हती म्हणून. मी सासऱ्यांना घेऊन आलो दाखवायला. बायको त्यांच्याकडे निघून गेलीय माझी. मित्राने पडदा उघडला, तर काहीच नाही. सासरे म्हणतात, खोटारडाही आहेस वर." तो थांबला. "होती ना ओळ? का मित्राने माझी थट्टा केली?"

टाचणीने मालकांच्या खोलीकडे बघितलं. दार लावलेलं होतं, आत बोलणं चालू होतं. नवा प्रोग्रॅम तिन्हीकडे बसला होता, नऊ धड होतं. आता जाणार होती ती फक्त तिची नोकरी.

"फोन त्यांना द्या," ती म्हणाली.

पलीकडे खरखर झाली. "कोण बोलतंय?" म्हातारा, जाडा आवाज.

"भोंग्याचा प्रोग्रॅम लिहिणारी. तुमच्या जावयाला झोप लागली नव्हती. नऊ नंबरला मी चुकून आठचं तापमान बघायला लावलं होतं. भोंगा वाजणारच नव्हता."

"मोठ्याने बोल. इथे पंखे आहेत."

ती उभी राहिली आणि पुन्हा बोलली, मोठ्याने. खिडकीतल्या बायकांचे कागद हातातच राहिले.

"मग ओळ का काढलीस?" म्हाताऱ्याने विचारलं.

"काढायला लावली."

"कोणी?"

"मालकांनी. त्यांना सगळं माहीत आहे."

 "माझ्या पोरीने चार महिन्यांचं पोटातलं घेऊन घर सोडलं," म्हातारा म्हणाला. "आणि तू आत्ता सांगतेस."

टाचणीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पहिल्यापासून सांग," तो म्हणाला. "सावकाश. मला यातलं काही कळत नाही."

मालकांच्या खोलीतलं बोलणं थांबलं. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मावशीने खिडकीतून हात घालून केबिनचं दार ओढलं आणि आतून कडी लावली.

"बारा मशीन होती," टाचणी म्हणाली. "मी पहिल्याचं लिहिलं, आणि मग तेच अकरा वेळा चिकटवलं. माझा भाऊ पाळीवर होता. त्याला मी सगळ्यांसमोर..."  तिने खिडकीतल्या बायकांकडे बघितलं आणि पुन्हा सुरू केलं, पंख्यांच्या वर ऐकू जाईल एवढ्या आवाजात.